घोड्याच्या विम्याबद्दल फिरणारा तो मेसेज, आणि त्याला उत्तर

पर्यटनाचा हंगाम जवळ आला की अलिबाग, नागाव, काशीद, मुरूडकडच्या घोडेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: घोड्याचा विमा म्हणजे पैसे पाण्यात. घोडा मेला की कंपनी हात वर करते. सरकारी योजना गाईम्हशींसाठीच असते. काढायचाच झाला तर सीझनपुरता आणि मोठ्या रकमेचा काढा. आणि एकदा काढला की घोडा लंगडा झाला, पर्यटक पडला, तरी सगळं कंपनी बघून घेते.

जनावरांच्या विम्याचे फॉर्म भरायला मी लोकांना मदत करतो. या मेसेजपायी काही जण विमा काढतच नाहीत आणि बाकीचे चुकीच्या भरवशावर काढतात, हे मला सतत दिसतं. म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘कंपनी हात वर करते’ याला पुरावा म्हणून मेसेजात एका घोड्याची गोष्ट दिली आहे. विमा काढला, आठवड्याभरात पोटशूळ होऊन घोडा गेला, छदाम मिळाला नाही. तो मिळणारच नव्हता. जनावरांच्या बहुतेक पॉलिसींत पहिल्या 15 दिवसांत झालेला आजार धरत नाहीत. पॉलिसीत खंड पडला तर नव्या पॉलिसीला हे दिवस पुन्हा मोजतात. त्यामुळे मुदत संपायच्या आत नूतनीकरण करणं सगळ्यात महत्त्वाचं.

क्लेम अडतो तो बहुतेक वेळा घोड्याच्या ओळखीवर. फॉर्ममध्ये ‘रंग तांबडा, नर’ एवढंच लिहिलेलं असतं. किनाऱ्यावरचे निम्मे घोडे तांबडेच, मग मेलेला घोडा विम्यातलाच होता हे कोण कसं ठरवणार? वर्णन असं हवं: कुमाईत (अंग तांबूस, आयाळ-शेपटी काळी), कपाळावर टिळा, मागचा डावा पाय सांध्यापर्यंत पांढरा, मानेवर उजव्या बाजूला भोवरा. शिवाय दातांवरून डॉक्टरांनी ठरवलेलं वय, दोन्ही कुशींचे आणि समोरून काढलेला फोटो, आणि टॅग किंवा मायक्रोचिपचा नंबर. घोडा गेल्यावर कंपनीला लगेच कळवा आणि पोस्टमॉर्टेम होईपर्यंत पुरू नका. वास सुटेल, लोक ओरडतील म्हणून रातोरात वाळूत खड्डा घेतला जातो आणि तिथेच क्लेम संपतो.

‘वापर’ हा रकानाही तितकाच नाजूक. तिथे ‘सवारी’ लिहायचं आणि घोडा टांग्याला जुंपायचा, ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत गाडी न्यायची, लग्नसराईत डीजे-फटाक्यांपुढे वरातीला उभा करायचा, हे चालत नाही. फॉर्ममध्ये न सांगितलेल्या कामात घोडा मेला तर क्लेम नाकारता येतो. घोडा जी जी कामं करतो ती सगळी लिहा, प्रीमियम थोडा वाढला तरी चालेल.

सगळं नीट असूनही नकार आला तर तो लेखी मागा. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे जा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे शुल्क लागत नाही.

सरकारी योजनेबद्दलचं म्हणणं तर साफ खोटं आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विम्यात घोडे, तट्टं, खेचरं, गाढवं सगळी येतात. 2024 मध्ये केंद्राने लाभार्थीचा वाटा प्रीमियमच्या 15 टक्क्यांवर आणला, उरलेला केंद्र आणि राज्य भरतं. यंदा आपल्या तालुक्यात योजना चालू आहे का, हे पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा.

‘सीझनपुरता काढा’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. पावसाळ्यात घोडा बांधलेलाच असतो, त्याला काय होणार, असा त्यामागचा हिशेब आहे. पण वीज पडते ती पावसाळ्यात आणि त्याच्या तोंडावर. पागेत साप शिरतो तो पावसाळ्यात. सर्रा या रक्तातल्या आजाराचे जंतू पसरवणाऱ्या गोमाशा वाढतात त्याही याच दिवसांत. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं ते 3 जून 2020 ला. पुढच्या वर्षी तौक्ते आलं ते मे महिन्यात. सीझन संपला म्हणून विमा सोडून देणाऱ्याला अशा वेळी उघड्यावर राहावं लागतं.

मोठ्या रकमेचा फायदा होत नाही. विम्याची रक्कम किंवा आजारापूर्वीची बाजारातली किंमत, यातलं जे कमी ते मिळतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडा आणला असेल तर खरेदीची पावती जपा.

आता ‘सगळं कंपनी बघून घेते’. मूळ पॉलिसी मृत्यूची असते. औषधपाण्याचा खर्च त्यात नसतो. समुद्रावरच्या घोड्याला हे जास्त भोवतं, कारण वैरण वाळूवर टाकली की घासाबरोबर वाळू पोटात जाते, आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. घोडा पाय आपटतो, कुशीकडे वळून बघतो, लोळतो. ताज्या लिदीचे गोळे बादलीभर पाण्यात कुस्करून थोडा वेळ ठेवा, वाळू तळाला बसलेली बोटांना लागते. चंदी (दाणा) तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत द्या, वैरण गव्हाणीत. आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांना बोलवून केसपेपर ठेवा. उशीर केला तर घोडा तर जातोच, वर कंपनी निष्काळजीपणाचं कलम लावू शकते.

लंगडेपणाचंही तसंच. कायमचं पूर्ण अपंगत्व हे जादा कलम असतं, त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात आणि भरपाई बऱ्याचदा विमा रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंतच असते. नाल सैल होऊन आठ दिवस लंगडला, यात ते येत नाही. तरी पोट ज्याच्या पायांवर चालतं त्या घोड्यासाठी हे कलम मी घ्यायलाच सांगतो.

पर्यटक पडला तर घोड्याच्या पॉलिसीतून त्याला काहीही मिळत नाही. मोटारगाडीला थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याला झालेल्या इजेचा) सक्तीचा असतो, पण टांगा हे मोटार वाहन नाही, म्हणून मालकाला ते कोणी विचारत नाही. लहान मूल घोड्यावरून पडून हात मोडला तर दवाखान्याचं बिल, पोलीस, वकील सगळं मालकाच्या अंगावर येतं. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा वेगळा विमा लागतो, आणि लगाम धरून चालणाऱ्या पोराचा अपघात विमा आणखी वेगळा. एकट्याला हे जड जातं. एका किनाऱ्यावरच्या सगळ्या घोडेवाल्यांनी मिळून कंपन्यांकडे लेखी कोटेशन मागावं, आणि तेही दिवाळीची सुट्टी लागण्याआधी, कारण किनाऱ्यावर सगळ्यात जास्त पोरं घोड्यावर बसतात ती त्याच आठवड्यात.