पीटीचा तास काढून घेऊ नका

‘मूल जाड होतं ते खाण्यामुळे. पीटीनं वजन उतरत नाही, अभ्यासाचा तास मात्र बुडतो. आणि आपलं तालमींचं गाव, पोरं खेळतातच की!’ हा मेसेज सध्या कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो अजिबात पटलेला नाही.

तालमींचं गाव, कबूल. खासबागचं कुस्तीचं मैदान आपलं, आणि फुटबॉलचा सामना असला की शाहू स्टेडियम भरतं. पण त्यात खेळणारे किती, बघणारे किती? तालमीत जातो तो आधीच काटक असलेला पोरगा. एका क्लासवरून दुसऱ्या क्लासला स्कूटरवर मागे बसून जाणाऱ्या मुलाला मैदान मिळतं ते शाळेतच.

खाण्याचा मुद्दा निम्मा खरा आहे. नुसती पीटी वाढवून वजन फारसं उतरत नाही. डबा आणि शाळेच्या दारातली कुरकुऱ्यांची पाकिटंही बघावी लागतात. पण चढलेलं वजन उतरवणं वेगळं आणि चढूच न देणं वेगळं. शिवाय जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, ती काही फक्त जाड मुलांसाठी नाही. हाडं, हृदय सगळ्यांनाच आहे.

खरी अडचण पीटी कशी घेतात ही आहे. एका शाळेत मी तास बघत उभी होते. साठ मुलं, एक चेंडू, डॉजबॉल. जो जाडसर मुलगा होता तो पहिल्याच मिनिटाला बाद झाला आणि घंटा होईपर्यंत पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत-बांधत राहिला. ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज, तोच सर्वांत कमी पळाला! त्याऐवजी साखळीचा खेळ घ्या. सापडलेला गडी बाहेर बसत नाही, हात धरून पुढे पळतो. चार गट पाडले तर सगळं मैदान पळतं, आणि खर्च शून्य.

अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, पीटीला वेळ दिल्यानं मार्क घसरतात असं संशोधनात दिसलेलं नाही. 2009च्या शिक्षणहक्क कायद्यानंही शाळेला मैदान सक्तीचं केलंय. येत्या पालकसभेत मी वेळापत्रक मागणार आहे: आठवड्यात पीटीचे तास किती, आणि त्यातले गणिताला किती गेले.