म्हणे, एपी वर्ल्ड हिस्टरीत भारतच नाही!

रविवारी न्यू जर्सीहून ताईचा फोन आला. दहावीतली भाची एपी वर्ल्ड हिस्टरी, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा जगाचा इतिहास, सोडणार. का, तर तिथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: "या विषयात भारत शून्य. मराठ्यांचं नावही नाही. नुसत्या सनावळ्या घोका. वर एकही कॉलेज क्रेडिट देत नाही. मुलांना वाचवा!"

मराठ्यांचं नावही नाही? अहो, हा कोर्स चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाची अभ्यासक्रम-पुस्तिका फुकट मिळते. उघडा ना! चौथं युनिट, १४५० ते १७५०. राज्यसत्तांना मिळालेल्या आव्हानांची उदाहरणं दिलीत: अमेरिकेतल्या प्वेब्लो आदिवासींचे उठाव, रशियातल्या कोसॅकांची बंडं, आफ्रिकेतली राणी न्झिंगा, आणि त्याच यादीत मराठ्यांचा मुघलांशी संघर्ष. शिवाय पहिल्या युनिटात भक्ती चळवळ नि विजयनगर, पुढे मुघल, १८५७, फाळणी. याला शून्य म्हणतात?

आता एक कबूल करते, नाइलाजाने. ही यादी नमुन्यादाखल आहे. बाईंनी मराठे गाळून न्झिंगा शिकवली तर त्यांना कोणी जाब विचारणार नाही. आणि हडप्पा, मौर्य, गुप्त खरंच गेलेत. २०१८ मध्ये बोर्ड थेट १४५० पासून सुरुवात करणार होतं. बरीच ओरड झाल्यावर १२०० वर आलं. पण त्या कात्रीत ग्रीस-रोमही गेले की! मग एकट्या भारतावर डूख कसला?

सनावळ्यांचं तर हसूच येतं. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न असतात खरे, पण तेही उतारा, नकाशा किंवा चित्र देऊन. खरी कसोटी दस्तऐवजांच्या निबंधाची. समोर ७ दस्तऐवज, हाताशी एक तास. आपलं म्हणणं मांडायचं, पूर्ण गुण हवे असतील तर निदान ४ दस्तऐवजांचा आधार द्यायचा, आणि त्यातल्या निदान दोन दस्तऐवजांबद्दल सांगायचं की लिहिणारा कोण, कोणासाठी, कशासाठी लिहितोय. एकूण गुणांतले २५ टक्के यालाच. पाठांतर इथे काय कामाचं?

क्रेडिट, म्हणजे या परीक्षेच्या गुणांवर कॉलेजात मिळणारी विषयाची सूट, कॉलेजागणिक बदलतं. बरीच देतात. साइटवर बघा, संपलं.

भाचीला तोच मेसेज आठवा दस्तऐवज म्हणून पाठवला. कोणी लिहिला, कशासाठी?

"मावशी, नाव नाहीये. पण खाली एका ट्यूशनचा नंबर आहे."