वळ कुणी उठवले, तेल कुणी लावलं

‘मास्तरांनी छडीनं फोडून काढलं, बाबांनी पट्ट्यानं. आजी वळांवर तेल लावायची. आम्हाला नाही कधी डिप्रेशन आलं! आजच्या पोरांचे नुसते चोचले. आणि आता म्हणे, सगळा दोष बालपणाचा!’ हा मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा आला.

‘आम्हाला काही झालं नाही.’ हे सांगायला जे उरले, तेच सांगताहेत. माराच्या धास्तीनं शाळा सोडलेला, पुढे दारूत गेलेला वर्गमित्र फॉरवर्ड पाठवत नाही. शिवाय बायकोवर हात उचलणाऱ्याला आपण ‘तापट स्वभावाचा’ म्हणून मोकळे होतो. २०१६ साली ७५ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, मुलं दीड लाखाच्या वर. विषय पट्टा नव्हे, साधी चापट. फायदा एकही सापडला नाही. मानसिक त्रासाशी संबंध मात्र सापडला, मोठेपणीच्याही.

‘चोचले.’ अमेरिकेत सॅन दिएगोत साडेनऊ हजार विमाधारकांना बालपणाबद्दल विचारलं गेलं: घरात मारहाण, लैंगिक अत्याचार, दारू, आईला होणारा मार. यांतले चार किंवा जास्त प्रकार भोगलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट निघाला. हे १९९८ सालचं, आणि ही माणसं चांगली खात्यापित्या घरची.

गरिबीचं काय? अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलिना राज्यात चेरोकी या आदिवासी जमातीनं कसिनो (जुगारघर) काढला आणि १९९६ पासून नफ्याचा वाटा प्रत्येक सदस्याला मिळू लागला. मुलांवर कुणी संस्कारवर्ग घेतले नव्हते. तरी गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या पोरांची आक्रमकता, बेबंदपणा उतरला. (चिंता आणि नैराश्य तेव्हा हललं नाही, हेही सांगायला हवं.) पैसे आले तेव्हा जे सर्वांत लहान होते, त्यांच्यात मोठेपणी दारू-गांजाचा त्रास इतरांपेक्षा कमी दिसला. मनाची ताकद एकाएकी कुठून आली म्हणायची?

‘सगळा दोष बालपणाचा.’ असं संशोधक म्हणतच नाहीत. धोका वाढतो एवढंच; तो आकडा म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशकं माग ठेवला गेला. हलाखीत, भांडणांच्या घरांत वाढलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा नीट मार्गी लागला. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे पाठीशी उभं राहिलेलं कुणीतरी मोठं माणूस: शिक्षक, शेजारी, आजी.

फॉरवर्डमध्येही आजी आहे. घडवल्याचं श्रेय तेवढं छडीला दिलंय.