पंख्याचं बटण भिंतीवरच पाहिजे

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर, आई-अण्णांची खोली, रात्रीचे साडेअकरा. अण्णांची हाक आली, "अरे, पंखा बंद पडलाय बघ." मी गेलो तर अण्णा पलंगावर बसून, बंदूक रोखल्यासारखा रिमोट वर धरून एकेक बटण दाबत होते. पंखा ढिम्म. मधूनच 'टिक' असा आवाज यायचा, पाती चार बोटं सरकायची आणि परत थांबायची.

त्याच संध्याकाळी वळीव झोडपून गेला होता. दोनदा लाईट गेली, आली. त्यामुळं मी खुर्चीवर चढायच्या आधीच पंख्याच्या आतल्या सर्किटचा, म्हणजे किटचा, निकाल देऊन टाकला, "विजेनं किट उडालं." हे एक वाक्य तोंडातून गेलं आणि पुढचे दोन दिवस मी त्याच्याच मागं फिरत राहिलो.

पंखा जेमतेम वर्षाचा. बीएलडीसी, म्हणजे किटवर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, रिमोटवाला. १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग पंख्यांवर स्टारचं लेबल सक्तीचं झालं, तेव्हापासून कुठल्याही दुकानात गेलं की पाच स्टारचे हेच पंखे पुढं करतात. आणि हिशोबही खरा आहे. जुना पंखा पाचवर ७५ वॉटच्या आसपास खातो, हा ३०. रोज १२ तास फिरला तरी महिन्याला १६ युनिटं वाचतात. हे मीच वहीच्या कागदावर मांडून अण्णांना पटवलं होतं. अण्णांचं म्हणणं एवढंच, "जुना काय वाईट होता? पस्तीस वर्षं फिरला. कंडेन्सर तेवढा दोनदा बदलला." त्यामुळं पंखा थांबल्यावर उकाड्यानं आला त्यापेक्षा जास्त घाम मला त्या कागदाच्या आठवणीनं आला.

आधी सेल बघितले. रिमोटमधले काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले, टीव्ही लागला. (भिंतीवरच्या घड्याळात घालून बघू नका. घड्याळ मेल्या सेलवरसुद्धा महिनाभर रेटतं.) मग मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू केला, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरून बटण दाबलं. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला. रिमोटमधला इन्फ्रारेड उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा तो उजेड अडवणारी काच असते, म्हणून सेल्फीचाच वापरायचा. काही पंख्यांचे रिमोट रेडिओ लहरींवर चालतात, त्यांना पुढं दिवाच नसतो, तिथं ही युक्ती लागू पडत नाही. आमचा दिव्याचा होता आणि दिवा लागत होता. म्हणजे रिमोट निर्दोष.

खुर्चीवर चढून पंख्याच्या पोटाखालची ती काळी टिकली फडक्यानं पुसली, रिमोटचा उजेड तीच झेलते. वर्षभराची धूळ निघाली, फरक शून्य. मग मेन स्विच पाडला, मिनिटभर थांबून परत चढवला. काही पंख्यांत रिमोट आणि पंख्याची ओळख तुटली असेल तर लाईट चालू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत एक ठरावीक बटण दाबून धरायचं असतं, कुठलं ते कंपनीगणिक वेगळं. पुस्तिका अर्थातच घरात नव्हती. मी सगळी बटणं धरून बघितली. 'टिक', चार बोटं, बंद.

सकाळी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसानं आवाज येतो का, रेग्युलेटर आहे का, वायरिंग कसलं आहे, यातलं एक अक्षर विचारलं नाही. "किट बदलावं लागेल सर." मी पण आदल्या रात्री हेच म्हणालो होतो, त्यामुळं मला तो माणूस हुशार वाटला.

तिसऱ्या दिवशी उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री आले. आयुष्यभर मोटारी रिवाइंडिंग केलेले. म्हटलं किट काढून तरी देतील. मी स्टूल आणून ठेवलं. मिस्त्रींनी वर बघितलंसुद्धा नाही. दाराशेजारच्या कपाटामागं वाकून बोर्ड बघितला आणि म्हणाले, "रेग्युलेटर कुणी फिरवलाय?"

रेग्युलेटर दोनवर होता.

आई स्वयंपाकघरातनं म्हणाली, "मीच केला की. पाऊस झाल्यावर गार पडलंवतं, आणि ह्यांच्या अंगावर पांघरूण नसतंय. रिमोट घावंना अंधारात. काय चुकलं व्हय?"

मिस्त्रींनी तो पाचवर नेला. टिक. आणि पंखा सुरू झाला. "वर काय झालं न्हाई," मिस्त्री म्हणाले, "खालनं खायलाच कमी देत हुता तुम्ही."

यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही, तरी थोडं सांगतो. जुन्या पंख्याचा वेग त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवर. रेग्युलेटर व्होल्टेज पाडतो, मोटार हळू फिरते. बीएलडीसीमध्ये फिरणाऱ्या भागात चुंबक असतात आणि कुठल्या गुंडाळीला कधी वीज द्यायची हे किट ठरवतं, म्हणजे वेगही तेच ठरवतं. त्याला पूर्ण वीज लागते. रेग्युलेटरनं ती तोडली की किट जागं होतं, पंख्याला ढकलतं, दमतं, परत झोपतं. आमची 'टिक' ती होती. आणि खरं तर त्या आवाजातच उत्तर होतं. विजेनं किट पुरतं जळालं असतं तर आवाज आलाच नसता. जो पंखा टिक करतोय त्याचं डोकं बहुधा जिवंत आहे, आधी त्याची वाट तपासायची. मी मात्र वळवाचा पाऊस बघून आधीच तेराव्यापर्यंत पोचलो होतो.

तर मूळ चूक कुणाची? आईची नाही, हे मी घरातही भांडून सांगितलं. पंखा बसवणाऱ्या वायरमननं रेग्युलेटर काढून थेट जोडणी करायला पाहिजे होती. त्यानं तो पाचवर ठेवला आणि गेला, "काढला तर बोर्डाला भोक दिसंल" म्हणून. दहा मिनिटांचं काम. बरं, हलवू नका असं सांगून तरी जावं! वर्षभर तो पाचवर राहिला हे आमचं नशीब. असा रेग्युलेटर मध्येच ठेवून पंखा चालवत राहिलं तर किट खरंच जाऊ शकतं, आणि मग कंपनी वॉरंटीत हात वर करू शकते.

माझं खरं भांडण मात्र त्या पंख्याची कल्पना काढणाऱ्यांशी आहे. अंधारात चष्म्याशिवाय, उशीखाली किंवा चादरीत हरवलेली हाताएवढी वस्तू शोधायची आणि त्यावरच्या एकसारख्या सात बटणांतलं एक दाबायचं, ही सोय सत्तरीच्या माणसासाठी केली असेल यावर माझा विश्वास नाही. आईचा हात दारातून आत येताना आपोआप बोर्डावर जातो. चाळीस वर्षं गेलाय. तिथं गोल खटका आहे, अंधारात मोजता येतो, एक, दोन, तीन. ही सवय मोडायला सांगणारे लोक मला भेटले, "शिकतील की हळूहळू" म्हणणारे. का शिकावं? पंखा नवीन आहे, त्यानं शिकावं. काही पंख्यांत भिंतीवरचं बटण झटकन बंद-चालू केलं की वेग बदलतो, म्हणजे जमतं. बीएलडीसीसाठीच केलेला भिंतीवरचा कंट्रोलही काही मॉडेलांना मिळतो. पण तो मागून घ्यावा लागतो, आणि मागायचं असतं हे दुकानदार सांगत नाही. रिमोट ज्याला हवा त्यानं जादा पैसे देऊन घ्यावा, असं उलटं पाहिजे होतं.

रेग्युलेटर मिस्त्रींनीच त्या दिवशी काढला. काढताना त्यांनी खोलीचं बटण नाही, घराचा मेन पाडला, वर टेस्टर लावून बघितला. जुन्या घरांत बटण कधी कधी वीज आणणाऱ्या फेजच्या तारेऐवजी परत नेणाऱ्या न्यूट्रलवर बसवलेलं असतं, बटण बंद असलं तरी पंख्यापर्यंत फेज येऊन थांबलेला असतो. आमच्याकडं नेमकं तसंच निघालं, तेही त्यांनी सुधारून दिलं. मजुरी मागितली ती ऐकून अण्णांनी त्यांना चहाबरोबर जेवायलाही बसवलं.

आता त्या जागी पांढरी कोरी पट्टी आहे. रिमोट नाडीनं पलंगाच्या कठड्याला बांधलाय, पोस्टातल्या पेनासारखा. परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर आई अंधारात त्या कोऱ्या पट्टीवर बोटं फिरवत उभी होती. मला बघून म्हणाली, "घे कुठंतरी बघून एखादा गोल खटका."

शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत किंवा राजारामपुरीत कुणाकडं बीएलडीसीला चालणारा गोल खटक्याचा कंट्रोल मिळत असेल, आणि घरी बसवून बघितला असेल, तर कमेंटमध्ये सांगा. रिमोट काढून ठेवायची आमची तयारी आहे.