चेहऱ्यावरच पडा

पुण्यात दुचाकी चालवायची म्हणजे आज ना उद्या पडायचं, हे काही नव्याने सांगायला नको. सांगायला हवं ते कसं पडायचं हे. बहुतेक मंडळी या बाबतीत कमालीची बेफिकीर असतात. हात पुढे करतात, कोपर सोलून घेतात, गुडघा फोडून घेतात, आणि मग अपघाताची भरपाई मागायला शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात बाही वर सरकवून वकिलासमोर उभी राहतात. वकीलसाहेब कोपराकडे बघतात, चष्मा वर करतात आणि विचारतात, “तोंडावर काहीच नाही का हो?”

प्रश्न निर्दय वाटला तरी कायद्याला धरून आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतींची यादी दिली आहे. जुन्या दंडसंहितेत ती कलम ३२० मध्ये होती. या यादीत डोक्याची किंवा चेहऱ्याची कायमची विद्रूपता आहे. छातीची, पाठीची, मांडीची नाही. हनुवटी कायमची विद्रूप झाली तर प्रकरण गंभीर; तोच व्रण चार बोटं खाली गळ्यावर उतरला की यादीतल्या या ओळीत बसत नाही. आणि गंभीर ठरण्याला भाव आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात, तेही चूक कुणाची हे सिद्ध न करता. ठोकणारा पळून गेला आणि सापडलाच नाही, तर हाच आकडा ५०,००० वर येतो. तेव्हा कपाळावरून रक्त ओघळत असलं तरी नंबर प्लेट वाचायची सवय ठेवा.

मानेखाली पडण्याचा प्रसंग आलाच, तर यादीत आणखी एक वाट आहे. पंधरा दिवस तीव्र वेदना, किंवा पंधरा दिवस नेहमीचे व्यवहार करता न येणं. पूर्वी वीस दिवस लागायचे. १ जुलै २०२४ पासून पाच दिवसांची सूट आहे. हिंजवडीकरांनी इथे विशेष जपावं. तिसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या हाताने लॅपटॉप उघडून सकाळच्या मीटिंगला ‘हाय एव्हरीवन’ म्हणालात की नेहमीचे व्यवहार सुरू झाले. मॅनेजर खूश, विमा कंपनी त्याहून खूश.

इस्पितळात गेल्यावर एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद, झाली आहे ना, हे आधी बघा. अपघात विभागातले डॉक्टर छत्तीस तास ड्यूटीवर असल्यासारखे दिसतात आणि बहुधा असतातही. ते जखम मोजतात, ‘सीएलडब्ल्यू (म्हणजे मार लागून फाटलेली जखम), चार बाय एक सेंटिमीटर’ असं लिहितात आणि पुढे ‘साधी’ असा शेरा मारून पुढच्या पेशंटकडे वळतात. टाके घालताना ते मायेने म्हणतील, “काही नाही, खूण राहणार नाही.” ऐकायला बरं वाटतं. ते कागदावर मात्र उतरू देऊ नका.

आता टक्केवारी. भरपाईचा हिशेब साधा आहे. वार्षिक उत्पन्न घ्यायचं, वयाप्रमाणे गुणक लावायचा, आणि कमावण्याची क्षमता जितके टक्के गेली तितका हिस्सा काढायचा. गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात घालून दिला; पंधरा ते पंचवीस वयाला तो सर्वाधिक, म्हणजे १८. समजा तुम्ही पंचवीस वर्षांचे आहात आणि महिना ३०,००० मिळवता. वर्षाचे ३,६०,०००, गुणिले १८, म्हणजे ६४,८०,०००. हा आकडा बघून हुरळू नका, अजून टक्के यायचे आहेत. अपंगत्वाच्या दाखल्यात मुख्यतः अवयव किती हलतो ते मोजतात, आणि गालावरचा व्रण काही हलवायचा नसतो. टक्के शून्य. चौसष्ट लाख ऐंशी हजार गुणिले शून्य तुम्हीच करा. व्रणाने आखडून कोपर सरळ होत नसेल किंवा पापणी पूर्ण मिटत नसेल, तर मात्र तुमचं नशीब बरं म्हणायचं.

दाखल्यात टक्के मिळाले म्हणूनही भागत नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. डावा हात गेलेला सुतार जवळजवळ सगळी कमाई गमावतो. तोच हात सरकारी कारकुनाचा गेला तर नोकरी शाबूत राहू शकते. निकाल शहाणपणाचाच आहे. चेहऱ्याला लावून बघा म्हणजे तुमच्या करिअरचं कुठे चुकलं ते कळेल. हॉटेलच्या स्वागतकक्षात उभ्या असता, विमानात हवाई सुंदरी असता, मालिकेत निदान शेजारीण असता, तर व्रणाने तुमचं उत्पन्न बुडालं असं म्हणता आलं असतं. पण तुम्ही खराडीत बसून कोड लिहिता. संगणकाला तुमच्या गालाशी काय करायचंय?

राहता राहिल्या वेदना, आयुष्यातल्या सुखसोयींना मुकणं, आणि लग्नाची संधी कमी होणं. हे शेवटचं खातं मी बनवलेलं नाही; वरच्या निकालातल्या यादीतच ते आहे. व्रणवाल्यांची खरी मिळकत इथे, त्यामुळे इथे नीट तयारी करा. अविवाहित असा. तरुण असा. आणि जमलं तर मुलगी असा. लग्न झालेल्या बाईच्या गालावरचा व्रण नवऱ्याने पाहिलेलाच असतो, त्यात आता काय बुडालं, असा हिशेब कुणी मोठ्याने बोलत नाही पण करतात. पुरुषांनी फार आशा धरू नये. दाढी वाढवता येते, आणि आपल्याकडे पुरुषाच्या कपाळावरची खूण म्हणजे काहीतरी पराक्रम केल्याचा पुरावा समजतात. इंग्लंडातल्या न्यायाधीशांसाठी १९९२ पासून भरपाईच्या मार्गदर्शक रकमांचं पुस्तक निघतं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत चेहऱ्यावरच्या व्रणाला बाईचा भाव वेगळा आणि पुरुषाचा वेगळा, असं चक्क छापलेलं असायचं. साहेबाने निदान लिहून तरी ठेवलं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६८ मध्ये ‘न्याय्य’ वाटेल ती रक्कम द्यावी एवढंच म्हटलंय.

लग्न मोडलं हे सिद्ध कसं करायचं? नकार देणाऱ्या स्थळाकडून लेखी घ्या. अडचण अशी की आपल्याकडे कुणी खरं कारण लिहून देत नाही. व्रण बघून उठलेली मंडळी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगतात, “पत्रिका जुळत नाही हो.” मंगळाची भरपाई विमा कंपनी देत नाही. शिवाय उलटतपास आहेच.

“अपघातानंतर तुम्ही मावसबहिणीच्या लग्नाला हजर होतात, हे खरे आहे काय?”

“हो.”

“त्या लग्नातले स्वतःचे फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकलेत, हे खरे आहे काय?”

“हो, पण त्यात फिल्टर...”

“हो की नाही एवढंच सांगा.”

“हो.”

“सबब तुमचा चेहरा विद्रूप झाला आहे हे म्हणणे खोटे आहे.”

“हे म्हणणे बरोबर नाही.”

म्हणून अपघातानंतर कुठल्याही मंगलकार्याला जाऊ नका, गेलात तर हसू नका. दुचाकीवर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळायची पुणेरी सवयही मोडा. नाहीतर उद्या कुणीतरी विचारेल, की तुमचा चेहरा आधी तरी कुणी पाहिला होता?

वेळेचं गणित सांभाळा. त्याच कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. ही मुदत २०२२ पासून पुन्हा आली आहे. पण व्रणाने हे कलम वाचलेलं नाही. तो लाल राहतो, फुगतो, खाजतो आणि पिकून स्थिर व्हायला वर्ष ते दीड वर्ष घेतो. काहींचा केलॉइड होऊन जखमेच्या हद्दीबाहेर पसरतो; छाती, खांदा, कानाची पाळी या त्याच्या लाडक्या जागा. म्हणजे अर्ज करताना तुमच्याकडे व्रणाचा फक्त कच्चा मसुदा असतो. पुढे तारखा पडत जातात, वर्षं जातात, आणि तुम्ही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहता तोवर तो फिकट पडलेला असतो. तेव्हा सिलिकॉन जेल लावू नका, उन्हात भरपूर हिंडा. अर्थात मग विमा कंपनीचा वकील म्हणेल की तुम्ही उपचारच नीट घेतले नाहीत. आणि घेतले असतेत तर दाखवायला काय उरलं असतं? यातून एकच मार्ग आहे, दर महिन्याला फोटो काढून ठेवणं. मोबाइलमधला फोटो असेल तर सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. नुसता गाल पुरत नाही.

हेल्मेटचा प्रश्न येणारच. पुणेकरांनी हेल्मेटसक्तीविरुद्ध जितक्या निष्ठेने लढा दिला तितका खड्ड्यांविरुद्धही दिला नसेल, त्यामुळे तुम्ही ते घातलं नव्हतं असं मी धरून चालतो. मग सामनेवाले म्हणणार, अर्जदाराचाही निष्काळजीपणा, भरपाई कापा. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घातलं असतंत तर व्रण नसता, आणि व्रण नसता तर दावा नसता. म्हणजे दाव्याला पात्र व्हायची पहिली पायरीच तुमच्यावर उलटते. त्याला इलाज नाही.

चाकण-भोसरीत कामाला असाल तर वेगळा सल्ला. कामावर असतानाच विद्रूप व्हा. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात (२०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) चेहऱ्याच्या ‘अतिशय तीव्र’ विद्रूपतेला कमाईच्या क्षमतेचं नुकसान थेट १०० टक्के धरलं होतं. तर्जनी अख्खी गेली तर १४ टक्के, अंगठा गेला तर ३०. चेहऱ्याचं मोल कुणालातरी समजलं होतं. ‘अतिशय’ म्हणजे किती, ते मात्र परिशिष्टात नव्हतं.

शेवटी प्लास्टिक सर्जरी. पुढच्या उपचारांचा खर्च मागता येतो, पण त्यासाठी सर्जनचं अंदाजपत्रक हवं. ते हातात पडलं की सामनेवाले म्हणणार, ही तर हौस, नाकीडोळी नीटस दिसण्याचा खर्च आम्ही का द्यावा? तेव्हा तुमच्या स्वतःच्या आरोग्य विम्याची पॉलिसी काढून दाखवा. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळणाऱ्या कलमातसुद्धा अपघातानंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद ठेवलेला असतो. एवढ्यावर नाही ऐकलं तर सर्जनना साक्षीला बोलवावं लागेल. ते सज्जन आहेत, नाही म्हणणार नाहीत. फक्त मंगळवारी त्यांची ओपीडी असते, एवढं न्यायालयात सांगून बघा. पुढची तारीख मंगळवारची पडेल.