सुरी पाहावी घेऊन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं सांगून ठेवणाऱ्यांनी स्वस्तातली स्वीडिश सुरी घेऊन पाहिलेली नसावी.

माझी गरज साधी होती. खाडीवर गरी टाकायला जातो, तिथे आमिषाची सुंगटं, म्हणजे कोळंबी, चिरायला आणि गुंतलेली तंगूस कापायला काहीतरी हवं. मिटणारी सुरी नको. तिच्या सांध्यात वाळू शिरते आणि ती उघडायला दुसरी सुरी लागते. शिवाय स्वस्त हवी, कारण माझ्या वस्तू पाण्यात पडतात.

जाणकार म्हणाले, मोरा घे. मोरा हे स्वीडनमधलं गाव, सिलियान तळ्याकाठचं; ही सुरी तिथेच बनते, कारखान्याची परंपरा १८९१ पासूनची. तिकडे ही कामगाराच्या कमरेची सुरी. आपल्याकडे पोचेपर्यंत ती साहेबाची होते, ते सोडा.

खरा घोळ पुढे. पातं स्टेनलेस स्टीलचं की कार्बन स्टीलचं? कार्बनवाले फार कडवे. धार कशी झटकन लागते, हे ते डोळे मिटून सांगतात. गंजतं ना? मग पुसायचं, तेल लावायचं. ज्या गोव्यात जुलैत चपलांना बुरशी येते आणि बरणीतलं मीठ चमच्याने खरवडावं लागतं, तिथे खाऱ्या पाण्याकाठी कार्बनचं पातं बाळगायचं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. एकाने उपाय सांगितला : पात्याला व्हिनेगर लावून आधीच काळपट थर आणायचा, मग गंज कमी धरतो. आमच्या घरात व्हिनेगर बलचांवासाठी असतं. ते सुरीला चोळायला आईकडे मागायची माझी छाती झाली नाही. स्टेनलेस ठरलं.

मग मुठीचा वाद. मोराच्या कम्पॅनियन या मॉडेलचं पातं मुठीच्या टोकापर्यंत जात नाही म्हणे. ओंडक्यावर पातं ठेवून वरून दांडक्याने हाणताना मूठ तुटली तर? अहो, मला सुंगटं चिरायचीत. ओंडक्यांसाठी घरात कोयता आहे, आणि त्याने आजवर कुणाचं मत विचारलेलं नाही. अडीच मिलिमीटर जाडीचं पातं मला पुरे.

मला भुरळ पडली ती धारेची. पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रुंद उतार, थेट धारेपर्यंत. धारेलगत आणखी बारीक उतार नाही. तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप साधतो. माझ्यासारख्या धांदरटाला याहून मोठी सवलत कोण देणार? गाजर मात्र हिने चिरलं जात नाही, तडकतं.

शेजारच्या काकांनी पोलिसांची भीती घातली. शस्त्र कायद्याच्या यादीतलं पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद लागतं. हे जेमतेम चार इंच. आमचा कोयता जास्त भरेल, पण तो शेतीचा म्हणून सुटतो.

पार्सल आलं तेव्हा आई आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून खोबरं किसत होती. हात न थांबवता तिने चौकशी सुरू केली.

"हिने नारळ फुटतो?"

"नाही."

"खोबरं किसतं?"

"नाही गं."

"फणस?"

"छोटा असला तर..."

"मग ही करते काय?"

मी उताराचा कोन समजावू लागलो. तिने आदोळीच्या पात्यावर बांगडा धरला, एका झटक्यात डोकं वेगळं केलं आणि म्हणाली, "हं, सांग पुढे."

रविवारी खाडीवर सुरी ऐटीत बाहेर काढली. बाजूचा गरीवाला आपली तंगूस दातांनी तोडत होता. त्याने सुरी उलटसुलट करून पाहिली, अंगठा धारेवर आडवा फिरवला, मान डोलावली आणि किंमत विचारली. मी निम्मी सांगितली.

"पात्रांव," तो म्हणाला, "तेवढ्यात विसवण मासळी मिळते. कापूनसुद्धा देतात."