महाजनांपर्यंत पत्र न पोचवण्याची कला

गोव्यातील एखाद्या देवस्थानच्या समितीवर सचिव म्हणून आपली नुकतीच निवड झाली असेल, तर प्रथम अभिनंदन, आणि लागलीच एक सावधगिरीची सूचना. पूर्वी सर्वसाधारण सभेची नोटीस पोस्टाने जाई, आणि गिरगावात किंवा बेळगावात बसलेला एखादा महाजन (देवस्थानचा वंशपरंपरेने सभासद) ती वाचून नेमका सभेच्या आदल्या रात्री गावात दाखल होई, सकाळी हिशेबाची वही मागे आणि गेल्या जत्रेच्या मांडवाचा खर्च दोनदा मोजून पाही. ईमेलने या संकटावर उत्तम तोडगा दिला आहे. पत्र रीतसर पाठवावे, ‘पाठविलेले’ या कप्प्यात त्याचा तारीख-वेळेसह पुरावा राखावा आणि तरीही ते स्पॅमच्या, म्हणजे नको असलेल्या पत्रांच्या, कप्प्यात जिरवून कोणाच्या दृष्टीस पडू देऊ नये. यासाठी खोटेपणा करावा लागत नाही, थोडा निष्काळजीपणा पुरतो.

पत्र घेणारा सर्व्हर आधी आपला मजकूर वाचत नाही, तो आधी विचारतो की आपण कोण. म्हणून ओळख पटू न देणे ही पहिली पायरी. देवस्थानने स्वतःच्या नावाचे डोमेन घेतलेले असेलच. त्या डोमेनच्या नोंदींत, आमच्या वतीने अमुक यंत्रांनीच पत्रे पाठवावीत, अशी एक यादी ठेवता येते, तिला एसपीएफ म्हणतात. प्रत्येक पत्रावर न दिसणारी डिजिटल सही करण्याची सोय आहे, ती डीकेआयएम. आणि यादी व सही यांपैकी एकही पत्रावरच्या नावाशी जुळली नाही तर पत्राचे काय करावे, हे सांगणारी तिसरी नोंद म्हणजे डीमार्क. या तिन्ही नोंदी एका दुपारी, चहा निवण्याआधी करून होण्यासारख्या आहेत, पण ज्या मुलाने वेबसाइट करून दिली तो आता दुबईला असतो आणि उगाच त्याला त्रास कशाला द्यायचा? उलट वेबसाइटवरच्या फॉर्ममधून पत्रे सोडावीत आणि पाठवणाऱ्याच्या जागी आपला खासगी जीमेलचा पत्ता घालावा. जीमेलचे नाव लावून आलेले, पण जीमेलने कधीच न पाठवलेले पत्र पाहिल्यावर पलीकडच्या दारवानाला जे वाटते, ते दुसऱ्याच्या आडनावाने महाजनकीवर हक्क सांगायला आलेल्या माणसाविषयी आपल्याला वाटते, तेच.

एखादा जाणता सदस्य सांगेल की फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. त्याला आपण ठासून सांगावे की जीमेलच्या नियमात दिवसाला ५,००० पत्रांचा आकडा आहे आणि आपले महाजन जेमतेम सातशे. जीमेलला लहान पाठवणाऱ्याकडूनही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागतेच, ही गोष्ट इतिवृत्तात येऊ देऊ नये. फॉर्मचा खटाटोप नको असेल तर ते सातशे पत्ते खासगी खात्यातून एका दमात सोडावेत. साध्या जीमेल खात्याला दिवसाकाठी ५०० जणांची मर्यादा असल्यामुळे पाठवणेच अडेल आणि ‘सर्व्हर डाऊन होता’ हे आपले लाडके वाक्य वापरायला मिळेल.

पत्ते ‘टू’च्या रकान्यात उघड घालावेत, याला थोर परंपरा आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुअर्क यांनी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण धाडले. पत्ते इतके झाले की रकान्यात न मावता मजकुरात सांडले. जगातले पहिले स्पॅम म्हणून ज्याची नोंद होते ते पत्र म्हणजे कोणाला लुबाडण्याचा डाव नव्हता, ‘अवश्य यावे’ असा आग्रह होता. (तेव्हा आपल्या आमंत्रणाची हीच गती झाली तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.)

पत्त्यांची यादी मात्र जुनीच वापरावी, शक्यतो मागच्या-मागच्या समितीने एक्सेलमध्ये करून ठेवलेली. तिच्यातील काही महाजन दिवंगत झाले आहेत, काहींनी नोकरीबरोबर पत्ताही सोडला आहे. अशा पत्त्यांवरून पत्रे परत येऊ लागली की दारवान समजतो की हा गृहस्थ ओळखीच्या घरी नव्हे, दिसेल त्या दारावर थाप मारीत फिरतो आहे. टाकून दिलेले काही पत्ते तर मुद्दाम सापळे म्हणून जिवंत ठेवलेले असतात.

आता मजकूर. देवापुढे लावलेली पाकळी डावीकडे पडेल की उजवीकडे, हे सांगणे आपल्या हाती नसते, पण पत्रे निवडणाऱ्या स्पॅमच्या गाळणीचा कौल डावाच, म्हणजे नकाराचा, यावा यासाठी आपल्याला पुष्कळ काही करता येते. विषयाच्या ओळीत ‘अर्जंट’ लिहून पुढे चार उद्गारचिन्हे द्यावीत. सभेच्या नोटिशीबरोबरच जीर्णोद्धार निधीच्या सोडतीची जाहिरात उरकावी आणि ‘आपण बक्षिसास पात्र आहात, त्वरित पैसे भरा’ असे मोकळ्या मनाने लिहावे. मांडवीतील कॅसिनोंचा निषेध करणारा ठराव असेल तर तोही जोडावा. त्या शब्दाचे नाव जगभरच्या जुगारी जाहिरातींनी आधीच इतके खराब केले आहे की निषेधालाही त्याचा विटाळ होऊ शकतो. आजच्या गाळण्या एकट्या शब्दावर निकाल देत नाहीत, पाठवणाऱ्याची पत, दुवे, पूर्वीचा अनुभव असे सगळे एकत्र तोलतात, हे खरे. म्हणूनच एका चुकीवर न थांबता सर्व चुका एकत्र कराव्यात. नोटीस टाइप करू नये, लेटरहेडचा मोबाइलवर तिरका फोटो काढून तेवढाच पाठवावा, म्हणजे वाचण्यासारखे अक्षर एकही राहत नाही. हिशेबाची फाइल पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये बांधावी, आत काय आहे ते व्हायरस तपासणाऱ्यालाही दिसत नाही आणि महाजनालाही. दुवा द्यायचाच तर आखूड केलेला द्यावा, ज्यावरून तो कुठे नेणार याचा पत्ता लागत नाही.

इतके करूनही काही पत्रे इनबॉक्समध्ये उतरतात. तिथे विरोधी पॅनल आपल्या मदतीला येते. आपल्या पॅनलने निवडणुकीत पडलेल्या पॅनलला आठवड्यातून तीनदा पत्रे पाठवावीत, पालखीचे फोटो, अध्यक्षांचा वाढदिवस, अध्यक्षांच्या सुनेचा सत्कार, आणि यादीतून नाव काढून घेण्याचा दुवा कोठेही देऊ नये. नाव काढण्याची सोय नसली की माणूस हाताशी असलेले ‘स्पॅम’ हे बटण दाबतो. गूगल मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना सांगते की अशा तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका. सातशे महाजनांत ०.३ टक्के म्हणजे दोन माणसे. एवढी नाराज माणसे तर आपल्या सख्ख्या भावकीतच मिळतात.

राहता राहिला एखादा चिकट महाजन, जो स्पॅमचा कप्पा उघडून पाहतो, ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबतो आणि देवस्थानचा पत्ता आपल्या संपर्कांत जपून ठेवतो. असा एक जण जरी निघाला तरी त्याची गाळणी पुढच्या वेळी आपले पत्र सोडण्याची शक्यता वाढते. त्याच्यासाठी दर सभेला पाठवण्याचा पत्ता बदलावा.

सभेच्या दिवशी अग्रशाळेत अकरा जण जमतील. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होईल, चहा होईल, आणि त्याच जागी उपस्थितांच्या सहमतीने मांडवाच्या खर्चासह सर्व हिशेब एकमताने मंजूर होतील. पुढे जत्रेच्या रात्री, पालखी देवळाला वळसा घालीत असताना, गिरगावचे महाजन गर्दीतून वाट काढीत आपल्यापाशी येऊन विचारतील, “सचिवबाब, यंदा सभा झालीच नाही काय?” जीमेल स्पॅमच्या कप्प्यातील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसते, तेव्हा तारखेचा हिशेब आधीच करून ठेवलेला असावा. मग खिशातून फोन काढावा, ‘पाठविलेले’ उघडून त्यांच्यापुढे धरावे आणि त्यांच्या हातावर प्रसाद ठेवावा.